पोहणाऱ्या उंदरांच्या वहिनी

त्या संशोधन संस्थेच्या इमारतीत वहिनींना वहिनी म्हणायचा खरा हक्क एकाच माणसाला होता, तो म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या त्यांच्या धाकट्या दिराला. "वहिनी, डबा विसरलीस का?", "वहिनी, आईचा गुडघा कसा आहे?" असं तो लिफ्टच्या जाळीतून खुशाल ओरडायचा. ते ऐकून ऐकून सगळेच वहिनी म्हणायला लागले. पुढे लिफ्टला बटणं आली, दिराला दुसरीकडे बरी नोकरी लागली आणि तो गेला. वहिनी मात्र राहिल्या. आता वयानं कितीतरी मोठे असलेले प्रयोगशाळेचे सरसुद्धा त्यांना वहिनीच म्हणतात. खरं नाव पगाराच्या स्लिपवर आहे आणि तिथे ते सुखात आहे.

वहिनींचं काम उंदरांना पोहायला लावण्याचं. हे ऐकलं की लोक हसतात, आणि लोक हसलेले वहिनींना आवडतात, म्हणून त्या मुद्दाम तसंच सांगतात. काम तसं साधं नाही. तळमजल्यावरच्या खोलीत एक मोठी गोल टाकी आहे, कमरेएवढी उंच. तिच्यात पाणी, आणि तळ दिसू नये म्हणून त्यात बिनविषारी पांढरा रंग कालवलेला. या पांढऱ्या पाण्याखाली, जेमतेम बोटभर खोल, एक लहानशी पायरी दडवलेली असते. उंदराला पाण्यात सोडायचं. उंदीर पट्टीचा पोहणारा, पण पोहण्याची त्याला मनापासून चीड. तो हातपाय मारत फिरतो, कधीतरी त्याचे पाय त्या पायरीला लागतात, मग तो वर चढतो आणि मिशा पुसत बसतो. पुढच्या वेळी त्याला टाकीच्या दुसऱ्याच बाजूनं सोडायचं. पायरी दिसत नाही, तिला वास नाही. भिंतींवर मात्र मोठा काळा त्रिकोण, वर्तुळ, आडवे पट्टे चिकटवलेले आहेत. त्या खुणांवरून उंदरानं पायरीची जागा ध्यानात ठेवायची असते. नव्या गावात आपण दवाखान्याच्या पुढे, शाळेच्या डावीकडे असं करत घर शोधतो, त्यातलाच प्रकार.

प्रयोग होता एका संशोधक मुलीचा. तिला वहिनींनी पहिल्याच दिवशी 'वादळ' असं नाव ठेवलं, कारण ती खोलीत शिरताना काहीतरी पडल्याशिवाय राहायचं नाही. चार वर्षं ती एकाच जीनच्या, म्हणजे जनुकाच्या, मागे होती. सासूबाईंनी एकदा मटार सोलता सोलता विचारलं, "तुमचं ते उंदरांचं काय चाललंय, मला समजेल असं सांग." तेव्हा वहिनींनी सांगितलं, "मेंदूतल्या एका पेशीला दुसरीला निरोप द्यायचा असला की ती ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते. निरोप घ्यायला दुसरीच्या दाराला टपालपेटी हवी. त्या पेटीला म्हणतात रिसेप्टर. ही पेटी कशी बनवायची ते एका जीनमध्ये असतं. आमच्या निम्म्या उंदरांच्या मेंदूत, जागा लक्षात ठेवणारा जो भाग आहे ना, तेवढ्याच भागात तो जीन बंद करून टाकलाय. म्हणजे त्या गल्लीत पेट्याच नाहीत."

"म्हणजे तुझ्या नवऱ्यासारखं," सासूबाई म्हणाल्या. "बाकी सगळं ठीक, सांगितलेलं तेवढं पोचत नाही."

"तुमचाच मुलगा आहे."

"म्हणून तर खात्रीनं सांगतेय."

वादळाचं म्हणणं असं, की हा जीन नसला तर उंदराला जागा ध्यानात राहायची नाही. तो पायरी शोधत बसेल, रोज नव्यानं. आणि कोणता उंदीर जीनवाला आणि कोणता बिनजीनचा, हे पोहायला लावणाऱ्या माणसाला कळू द्यायचं नाही, असा नियम. कळलं की हात पक्षपात करतो. पिंजऱ्यांवर नुसते आकडे. वहिनींनी आकड्यांवर समाधान मानलं असतं तर त्या वहिनी कसल्या? त्यांनी नावं ठेवली. एक गुबगुबीत, रुबाबदार उंदीर होता, तो 'राजे'. एक सदा गोंधळलेला, पिंजऱ्याच्या दारातच अडखळणारा, तो 'बावळ्या'. राजे हातात आले की स्वेटरच्या बाहीत नाक खुपसायचे, आणि त्यांचा आपल्यावर फार जीव आहे याबद्दल वहिनींना तिळमात्र शंका नव्हती.

वहिनींना एका गोष्टीचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. त्यांच्या हातचा उंदीर नापास होत नाही. दुसऱ्या कुणी पोहायला लावला की उंदीर बिथरतो, पिंजऱ्यात घाण करतो, टाकीच्या कडेकडेनं नुसता गोल गोल फिरतो. वहिनींकडे तो काही दिवसांत सरळ पायरीवर जातो. "मुलांचं आणि उंदरांचं सारखंच," त्या नव्या विद्यार्थ्यांना ऐकवायच्या, "आपण जवळ बसलेले दिसलो की त्यांना धीर येतो." विद्यार्थी माना डोलवायचे. खरं तर यातच सगळी गोम होती, पण ती तेव्हा कुणाच्याच डोक्यात आली नाही.

नियमानं वहिनींनी जवळ बसायचंच नव्हतं. उंदीर पाण्यात सोडला की पडद्यामागे जायचं आणि छतावरच्या कॅमेऱ्यातून येणारं चित्र टीव्हीवर बघायचं, अशी पद्धत. पण त्या पडद्याला ओलीचा असा वास मारायचा की वहिनींनी एका शनिवारी तो घरी नेला आणि चांगला उकळत्या पाण्यात धुतला. पडदा स्वच्छ झाला आणि लहान मुलीच्या झग्याएवढा झाला. सर म्हणाले, "असू दे, नवा मागवतो." नवा पडदा मागवला गेला, म्हणजे तसं सगळे धरून चालले. जुन्याचं पायपुसणं झालं. आणि वहिनी कोपऱ्यात, गरम पाण्याचा पाइप जातो त्या बाजूला, स्टुलावर बसायला लागल्या. अंगात सासूबाईंनी विणलेला गडद निळा स्वेटर. बोलायचं नाही, हलायचं नाही, हा नियम मात्र त्यांनी कसोशीनं पाळला. हीच अट लग्नात कुणी घातली असती तर लग्न मोडलं असतं, पण उंदरांसाठी त्या पुतळा होऊन बसायच्या.

सगळे उंदीर पोहून झाले, आकडेमोड झाली, आणि सरांच्या खोलीत कोणता आकडा कोणत्या गटाचा ते उघड करण्यात आलं. ती यादी सर आणि वादळ यांनी बघितली. वहिनींना नुसता निकाल सांगितला, कारण याच उंदरांवर अजून थोडं काम बाकी होतं आणि त्यांचे हात निष्पक्ष राहायला हवे होते. निकाल असा की दोन्ही गट सारखेच. जीन असलेले आणि नसलेले, सगळे झपझप पायरीवर.

"म्हणजे सगळेच पास?" वहिनी खूश होऊन म्हणाल्या, आणि मग त्यांचं वादळाच्या तोंडाकडे लक्ष गेलं.

वादळ खुर्चीत बसली होती आणि तिनं काहीच पाडलं नव्हतं. "मग या जीनचं काम काय, सर?" ती म्हणाली. "तो बंद केला तरी काही फरक पडत नाही, असं लिहू? चार वर्षं मी याच्यासाठी घालवली?"

"निकाल तो निकाल," सर हळू आवाजात म्हणाले. "प्रबंध द्यायची मुदत जवळ आली आहे. नवे उंदीर तयार करायला आता वेळ नाही."

वहिनींना मुलगी नव्हती. मुलगा होता, तो परगावी, आणि तो फोनवर 'हो', 'नाही' आणि 'ठेवतो' एवढंच बोलायचा. या पोरीनं मात्र चार वर्षं त्यांच्या डब्यातलं खाल्लं होतं, त्यांच्यापाशी रडली होती, त्यांच्या सासूशी पत्ते खेळताना लबाडी करून रंगेहाथ पकडली गेली होती. तिचं उतरलेलं तोंड वहिनींच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या रात्री त्यांनी नीट जेवणसुद्धा केलं नाही, आणि वहिनींच्या बाबतीत ही गोष्ट नोंद घेण्यासारखी होती.

पुढच्याच आठवड्यात वहिनींना सर्दीतापानं गाठलं. शिंकणाऱ्या माणसाला उंदरांच्या खोलीत मनाई असते. उरलेलं काम वादळानं स्वतःच्या हातानं करायला घेतलं. काही विशेष नव्हतं, त्याच उंदरांना अधूनमधून पोहायला लावायचं, विसरले तर नाहीत ना एवढंच बघायचं.

दुपारी फोन वाजला. वहिनी डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होत्या.

"वहिनी, तुम्ही टाकीच्या खोलीत कुठे बसता?"

"बसते आपली. ताप उतरलाय का ते नाही विचारलंस."

"ताप उतरलाय का? कुठे बसता?"

"पाइपापाशी. स्टुलावर. तिथे ऊब असते."

"रोज तिथेच?"

"अगं, मी काय जागा बदलत हिंडू? तू कुठे बसलीस?"

"खिडकीत. लॅपटॉपचा प्लग तिकडे आहे." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "वहिनी, निम्मे उंदीर सरळ पायरीवर गेले. निम्मे वेड्यासारखे फिरताहेत. त्यांना काहीच आठवत नाहीये. आणि तुमच्या स्टुलाच्या समोरच पायरी आहे ना?"

वहिनींनी टॉवेल काढला. त्यांना लगेच कळलं, आणि कळल्यावर वाफेनंसुद्धा आला नसेल इतका घाम त्यांना फुटला. जागा ध्यानात ठेवायला तो जीन लागत असेल. पण 'तो निळा ढीग दिसला की त्याच्याकडे पोहायचं' एवढं शिकायला तो लागत नाही. ते मेंदूचा दुसराच भाग शिकतो. उंदराला लांबचं धूसर दिसतं हे खरं, पण वहिनी धूसर दिसल्या तरी दिसतातच. बिनजीनचे उंदीर त्रिकोणाकडे बघत नव्हते, वर्तुळाकडे बघत नव्हते. ते वहिनींकडे बघून पास होत होते.

"म्हणजे मीच घात केला," त्या म्हणाल्या.

"पडदा मागवायचा सर विसरले, आणि मी चार महिने त्या खोलीत येऊन-जाऊन होते, मलाही काही दिसलं नाही," वादळ म्हणाली. "घात तिघांचा आहे. पण हे आधी सिद्ध करायला हवं. नुसतं मी म्हणून चालणार नाही. आज मी नवखी होते, ते मला बिचकले असतील, असंही कुणी म्हणेल. तुम्ही बऱ्या व्हा लवकर."

वहिनींनी फोन ठेवला आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. पोरीची चार वर्षं आपल्या बुडाखालच्या स्टुलानं वाया घालवली, हे काही त्यांच्या मनातून जाईना. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो स्वेटर मी विणलेला. मग मीही त्यात आले."

"तुम्ही कुठे आलात?"

"राखाडी लोकर होती दुकानात. मीच निळी घेतली. तुला उठून दिसते म्हणून."

यावर वहिनींना हसू आलं, मग खोकला आला, आणि मग थोडं रडूही आलं. सासूबाईंनी पाणी आणून दिलं आणि वरून बजावलं, की आता रडून ताप वाढवलास तर त्या पोरीचं आणखी चार दिवसांचं नुकसान.

बेत वादळानं आखला आणि सरांनी तो दोनदा तपासला. टाकीतली पायरी काढून टाकायची. स्टूल पाइपापासून उचलून थेट समोरच्या बाजूला, खिडकीखाली ठेवायचं. त्यावर वहिनींनी त्याच निळ्या स्वेटरात नेहमीसारखं बसायचं. सर आणि वादळ दोन चादरी टांगून त्यांच्यामागे टीव्ही बघत बसणार. प्रत्येक उंदराला फक्त एक मिनिट. तो जर पायरीच्या जुन्या जागी जाऊन शोधाशोध करायला लागला, तर त्याला जागा आठवते. वहिनींकडे आला, तर आठवत नाही, त्याला फक्त वहिनी माहीत आहेत. बिनजीनचे उंदीर वहिनींकडे आले तर वादळाचं म्हणणं वाचलं, आणि तेही जास्तच पक्कं होऊन. न आले तर प्रबंधावर पाणी सोडायचं.

"एकच करायचं, वहिनी," वादळ म्हणाली. "काहीच करायचं नाही. हात पुढे करायचा नाही, मान हलवायची नाही. तुम्ही जरा जरी हललात तर तुम्ही बोलावलंत असं होईल, मग सगळंच फुकट."

"आणि तो धापा टाकत माझ्याकडे आला तर?"

"तरी नाही. मिनिट झालं की मी सांगते, तेव्हा काढा."

वहिनी स्टुलावर बसल्या. जागा ओळखीची नव्हती, पाठीला खिडकीचा गार वारा लागत होता. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. चादरीआडून वादळाच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि सरांनी तिला दटावलं. उंदीर सोडायला आज सर येत होते. ते एकेकाला आणून टाकीच्या अधल्यामधल्या कडेनं, दोन्ही जागांपासून सारख्याच अंतरावर सोडायचे आणि चादरीमागे जायचे.

पहिले आले राजे. वहिनींना वाटलं, हे तर माझेच, हे इकडेच येणार. मग त्यांच्या ध्यानात आलं की राजे इकडे आले तर ते बिनजीनचे ठरतात, आणि इतक्या रुबाबदार उंदराबद्दल तसं मानायला त्या तयार नव्हत्या. राजांनी हा प्रश्न पटकन सोडवला. पाण्यात पडल्या पडल्या त्यांनी नाक वर केलं, भिंतीवरच्या खुणा पाहिल्या, आणि वहिनींकडे सरळ पाठ करून ते पलीकडे, पाइपाच्या बाजूला निघून गेले. तिथे जाऊन त्यांनी पायरीच्या जागी इतक्या वेळा घिरट्या घातल्या की जणू त्यांच्या घरी चोरी झाली होती. वहिनींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. वहिनींना ते फार लागलं. बाहीत नाक खुपसायचं ते निव्वळ उबेसाठी, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग दुसरा, तिसरा. कुणी पाइपाकडे गेला, कुणी वहिनींकडे वळला आणि त्यांच्या समोरच्या पाण्यात पाय मारत राहिला. एक मध्येच भरकटला आणि कडेकडेनं फिरत बसला. कोण कुठल्या गटातला हे वहिनींना माहीत नव्हतं. चादरीआडून चकार शब्द येत नव्हता, त्यावरून काही ताडायची सोय नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मनोमन म्हणत होत्या, की काही उंदीर नापास होऊ देत. म्हणत होत्या खऱ्या, पण त्यांना ते जमत नव्हतं. जो उंदीर पाण्यात पडायचा त्याच्यासाठी त्यांचा जीव आपोआप पायरीकडे ओढला जायचा, आणि पायरी तर काढलेली.

मग सरांनी बावळ्याला आणलं. तो नेहमीप्रमाणे पाण्यात पडल्यावर स्वतःभोवती एक चक्कर मारून गोंधळला. त्यानं मान इकडे वळवली, तिकडे वळवली. त्रिकोण त्याच्या समोर होता, त्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. मग त्याला खिडकीखाली तो निळा आकार दिसला, आणि बावळ्या, जो पिंजऱ्याच्या दारातसुद्धा कधी नीट चालला नव्हता, तो बाणासारखा सरळ निघाला. इकडे तिकडे बघणं नाही, थांबणं नाही. तो थेट वहिनींच्या पुढ्यात आला आणि त्यानं पुढचे दोन पाय पाण्यात खाली टेकवले.

तिथे काही नव्हतं. त्यानं पुन्हा टेकवून पाहिले. थोडा डावीकडे सरकला, थोडा उजवीकडे. नाक वर करून त्यानं वहिनींकडे पाहिलं आणि पुन्हा पाय टेकवले. पायरी इथेच असणार याबद्दल त्याच्या मनात जराही किंतु दिसत नव्हता. या बाई आहेत म्हणजे पायरी आहे, एवढं एकच त्याला ठाऊक होतं, आणि ते त्यानं पक्कं धरून ठेवलं होतं. वहिनींची बोटं पांढरी पडली. हात लांब केला की तो बाहीवर चढला असता, इतका तो जवळ होता. आपण कुणाला इतकं फसवतोय असं त्यांना जन्मात कधी वाटलं नव्हतं. आणि चादरीमागे ती पोर श्वास रोखून याच फसवणुकीची वाट बघत बसली होती, हेही त्यांना माहीत होतं. वहिनी हलल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

"काढा," वादळाचा आवाज आला. मागोमाग एक चादर दोरीसकट खाली आली, सर "अगं, अगं" म्हणाले, आणि वादळ खोलीच्या मधोमध उभी राहून हसत होती, रडत होती. "तो बिनजीनचा आहे, वहिनी. हा शेवटचा होता. एक भरकटला तेवढा सोडला तर बिनजीनचे सगळे तुमच्याकडेच आले. जीनवाला एकही आला नाही."

वहिनींनी तिला मान हलवून उत्तर दिलं, पण त्यांचे दोन्ही हात केव्हाच पाण्यात गेले होते. त्यांनी बावळ्याला बाहेर काढला, टॉवेलात गुंडाळला, पोटाशी धरला आणि त्याची पाठ चोळायला लागल्या. तो धापा टाकत होता आणि त्याचे चारही पाय त्यांच्या निळ्या बाहीवर घट्ट रोवलेले होते. शेवटी पायरी सापडली, असंच त्याला वाटत असावं.

"चुकलास रे बाबा," त्या त्याच्या कानाशी म्हणाल्या. "पण अगदी बरोबर चुकलास."